कड्यावरचा कडू करांदा

डुकरांनी उकरलेल्या खड्ड्यांतून वाट काढत कातकरी वाडीतली बारकी मुकणे कड्यावर पोचली. मागून वनस्पतितज्ज्ञ शर्वाणी सामंत धापा टाकत आल्या. कातकरी बायांचे कंद उकडून वाहत्या ओढ्यात भिजवायचे कष्ट वाचावेत, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनीच करांदा या रानवेलीच्या जनुकांतून कडूपणा काढला होता. परागांबरोबर गोडवा रानभर पसरला आणि पूर्वी कडू म्हणून न शिवणारी डुकरंच माणसांआधी सगळे कंद फस्त करू लागली. वाडीने दोन पावसाळे अर्धपोटी काढले होते.

कड्यावरच्या वेलीला पानांच्या बेचक्यांत जमिनीतल्या कंदांसारखेच छोटे करांदे लागले होते. बारकीने एक चावला आणि लगेच थुंकला. "कडूजहर! हाच आमचा."

"पण फुलं उमललीत," शर्वाणी घाबरून म्हणाल्या. "वाऱ्याबरोबर गोड पराग इथेही येतील. बी गोडच धरेल."

"बी कशाला पायजे?" बारकीने भराभर फुलं खुडून टाकली आणि बेचक्यांतले करांदे ओटीत भरले. "हे पुरले की आईसारखेच कडू येतात."

"कुठे पुरणार? मी नोंद करून ठेवते."

बारकीने ओटी घट्ट खोचली. "ते तुम्हांला नाय सांगायची, म्याडम," असं म्हणून ती एकटीच कडा उतरू लागली.