खाकी कव्हरातली बुगाटी

"धोंडिबा, दुसरा खंड?"

"न्हाई आला, साहेब."

"किती दिवस राहिले आता?"

"दसऱ्याला कॉम्प्युटर बसनार. तवर जे हाय ते हाय."

यज्ञेश्वर दामले पुन्हा ढिगाशी उकिडवे बसले. बुधवार पेठेतलं हे जुन्या पुस्तकांचं दुकान दसऱ्यापासून सायबर कॅफे होणार होतं. धोंडिबाचा हिशेब सरळ होता. लोक पुस्तकं चाळून परत ठेवतात, ईमेल बघायला मात्र रांग लावतात.

अकरा वर्षांपूर्वी इथेच त्यांना पहिला खंड मिळाला होता. युरोपातल्या घाटातल्या मोटार शर्यतींचं पुस्तक, दोन खंडांचं. पहिल्याच्या शेवटच्या पानावर एक निळी बुगाटी भन्नाट वळण घेत होती. ती जिंकली की दरीत गेली, हे दुसऱ्यात. अकरा वर्षं गाडी त्याच वळणावर होती.

दामल्यांकडे स्वतःची मोटार कधीच नव्हती. लूना होती. पण लहानपणी लकडी पुलाजवळ कुणा श्रीमंताची लाल, दोन सीटची गाडी तापून बंद पडली, तेव्हा शेजारच्या वाण्याकडून कळशीभर पाणी यांनी आणून दिलं होतं. त्या माणसानं यांना मिनिटभर स्टिअरिंगमागे बसवलं. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, पण मनानं अजून त्या स्टिअरिंगमागेच बसलेले.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते प्रेशर कुकर आणायला गेले आणि रेसिंग गाड्यांचं पुस्तक घेऊन आले. सुहासिनीबाईंनी चुलीवर वरण ढवळता ढवळता विचारलं, "यात शिजवू का?"

मग म्हणाल्या, "यापुढे या घरात मोटारीचं एकही पुस्तक येणार नाही. शब्द द्या."

दामल्यांनी दिला. तीन वर्षं पाळलाही. एरवी उठता-बसता शीळ घालणारे दामले त्या तीन वर्षांत एकदाही शीळ घालताना कुणाला ऐकू आले नाहीत. मग एका रविवारी धोंडिबाकडे एक पुस्तक सापडलं आणि सगळं पूर्ववत झालं. दिलेला शब्द मोडायचा नसतो, त्याला कव्हर घालायचं असतं, हे त्यांना उमगलं.

आज कपाटात त्रेचाळीस पुस्तकं होती. सगळ्यांना खाकी कव्हर, पाठीवर सुवाच्य अक्षरात नावं. 'पाणीपट्टी नियमावली'. 'पतपेढीचे उपविधी, भाग ३'. आत गॉगल लावलेले ड्रायव्हर आणि लांब नाकाच्या गाड्या. पुस्तक मागून नेणाऱ्या पाहुण्यांनीही त्या कपाटाला कधी हात लावला नाही.

धोंडिबाला इंग्रजी वाचता येत नसे, तरी माल मात्र नेमका त्याच्याकडेच यायचा. वर्षातून एखाददुसरं पुस्तक, दिवाळी अंकांच्या खाली, डांबरगोळ्यांचा वास येणारं. किंमतही किरकोळ. "कॅम्पातल्या एखाद्या पारशाचं कपाट रिकामं होत असणार," दामले मित्रांना सांगत. "धोंडिबाला कळतंय कुठं, काय विकतोय ते!"

दसऱ्याआधीच्या रविवारी सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, बुधवारात जाऊन टॉर्चचे सेल आणा."

"परवाच तर आणले."

"संपले."

दामल्यांनी वाद घातला नाही. बुधवारात जायला निमित्त मिळत असेल, तर टॉर्च दिवसा लावून ठेवली तरी त्यांची हरकत नव्हती.

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. त्यांनी शेवटचा ढीग उपसला. दिवाळी अंक, पाककृती, पंचांग... आणि त्याखाली तो. दुसरा खंड.

"केवढ्याला?" आवाज शक्य तितका कोरडा ठेवत त्यांनी विचारलं.

"द्या काय द्यायचं ते. शेवटचा माल."

घरी दारातच प्रश्न आला.

"काय आणलंत?"

"पतपेढीचे उपविधी. भाग चार."

"वाचा की मोठ्यानं."

"कंटाळवाणं असतं गं."

"चेहऱ्यावरून वाटत नाही तसं. आणि सेल?"

सेल राहिले होते. दामल्यांनी मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली. पण सुहासिनीबाई चहा टाकायला आत गेल्या.

दुपारी गॅलरीत त्यांनी पान उलटलं. बुगाटी वळणातून सुखरूप बाहेर आली होती. शर्यतीत तिसरी. फोटोत ड्रायव्हर धुळीनं माखलेल्या तोंडानं हसत होता. दामल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

संध्याकाळपर्यंत खंड संपला. आता रविवारी जायचं कुठं? शोधायचं काय?

दसऱ्याला धोंडिबाकडे झेंडूची तोरणं लागली, पाच कॉम्प्युटर बसले. दामले लूनावरून समोरून गेले, पण थांबले नाहीत. शीळ पुन्हा बंद झाली.

चौथ्या दिवशी सायबर कॅफेच्या काचेच्या दाराबाहेर एका बाईंनी चपला काढल्या आणि पदर सावरत त्या आत आल्या.

"या वहिनी," धोंडिबानं खुर्ची पुढे केली. "साहेब फिरकले न्हाईत."

"गॅलरीत बसलेत तोंड पाडून." सुहासिनीबाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. "माझा भाऊ रिटायर झाला, आता बोटीवरून पुस्तकं कोण आणून देणार? या तुमच्या यंत्रातून विलायतेहून मागवता येतं म्हणे. हे बघा, गाड्यांच्या पुस्तकाचं नाव नीट लिहिलंय."

"वहिनी, इतकी वर्षं झाली. आता तरी सांगून टाका की त्यांना."

"मग चोरून काय वाचतील ते?" त्या म्हणाल्या. "पत्ता इथलाच घाला. आणि त्या कोपऱ्यात थोडी रद्दी राहू द्या. सापडायला नको का त्यांना?"