तंबाखूमुक्त गल्ली

निपाणीच्या त्या गल्लीत मालुबाईसकट झाडून साऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. मग बेळगावहून एक साहेब आले. त्यांनी तंबाखूनं सडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवले, बायकांना शिवणकाम शिकवलं, घरटी एक शिलाई मशीन वाटलं आणि कोपऱ्यावर ‘तंबाखूमुक्त गल्ली’ अशी पाटी ठोकून हार घालून घेऊन गेले.

महिनाभरात मालुबाईच्या ध्यानात आलं, की उभी गल्ली टेलर झाली आणि ब्लाऊज शिवायला टाकणारी बाई औषधालाही उरली नाही. बिडीच्या मजुरीतून ब्लाऊज शिवून घेऊन ज्या बायका गल्लीतल्या दिपाली टेलरचं दुकान चालतं ठेवायच्या, त्यांनीच तिला कुलूप लावायला लावलं. परत बिडीकडं वळावं, तर ठेकेदारानं पानं केव्हाच शेजारच्या गल्लीला देऊन टाकली होती.

वर्षानं साहेब पाहणीला आले. घराघरांतून मशिनींचा खडखडाट ऐकून त्यांचा ऊर भरून आला.

“बघा मालुबाई, मनावर घेतलं की तंबाखू सुटते! एवढं काम कोण देतंय तुम्हाला?”

मालुबाईनं मशीन न थांबवता शिवलेल्या पिशव्यांचा ढीग पुढं सरकवला.

 

“वखारवालं गुंडाप्पाअण्णा. तंबाखू भरायच्या पिशव्या हैत ह्या. पर तुमचं उपकार लई झालं बघा सायेब. आधी भुईवर बसून तंबाखूवर जगत हुतो, आता स्टुलावर बसून जगतोय.”