माणशी किती

दोंडाईचा स्टेशनच्या बाकावर कमलबाई मधोमध बसल्या होत्या. एका बाजूला धाकटा भूपेंद्र, धुळ्याहून त्यांना बसनं घेऊन आलेला. दुसऱ्या बाजूला थोरला हितेंद्र, सुरतेहून मघाच गाडीतून उतरलेला. भूपेंद्रनं आईची बॅग आणली होती. तिच्यात हिवाळ्याची रजईसुद्धा कोंबली होती. हितेंद्रनं सुरतेच्या घारीचा, मिठाईचा डबा आणला होता, पाहुणा आणतो तसा. कमलबाईंच्या किडन्या साखरेनंच गेलेल्या. तरी डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि वरून हात फिरवला.

उद्या मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना मशीनवर घालावं लागे, रक्त धुवायला. कुणीतरी न्यायचं, बसून राहायचं, घरी आणायचं. एखादा वार चुकला तर काय होतं, ते डॉक्टरनं भूपेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण कमलबाईंचा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला. मृदंगाच्या गजरातूनही बुवांचा शब्द टिपणारे कान ते. दाराआडचं त्यांना काय अवघड!

"भाऊ, खरं सांगू?" भूपेंद्र म्हणाला. "दिल्लीचा सगळा ओघ तुमच्या गुजरातकडे. मेट्रो तुम्हाला, बुलेट ट्रेनचं स्टेशन तुम्हाला. दवाखाने तर काय एकेक! माणसानं आजारी पडावं तर सुरतेत पडावं."

"लांबून दिसतं रे तसं," हितेंद्र म्हणाला. "आमची मेट्रो अजून खड्ड्यातच आहे. तुमच्याकडे बघ की. मुंबई-आग्रा रोड केवढा झाला! मनमाड-इंदूर रेल्वे मंजूर झाली, तीसुद्धा धुळ्यावरून."

"मंजूर झाली. आली का?"

"येईल ना! तुमचं राज्य मोठं, खासदार जास्त. दिल्लीला तुमचंच ऐकावं लागतं. आम्हाला कोण विचारतं?"

बाकाच्या टोकाला मिरचीचं गाठोडं घेऊन एक म्हातारा बसला होता. त्याला राहवेना.

"दुसराना राज्यनं इतलं कौतिक मी जल्ममा आयकं नही," तो हसत म्हणाला. "आमना पुढारी सोतानं बी इतलं सांगतस नही. कोन्ता पक्षना शेतस रे भो तुम्ही?"

दोघं भाऊ कसनुसं हसले. कमलबाई हसल्या नाहीत. स्तुती त्यांनी खूप ऐकली होती. बुवा देवाचे गुण गाऊ लागले, एकेक पायरी चढवत नेऊ लागले, की त्या हात जोडून वाट बघत. कारण शेवटी मागणं येतंच. इथंही ते येणार होतं. फक्त आधी कुणाच्या तोंडून, एवढंच उरलं होतं.

हितेंद्रनं मोबाइल काढला. "हे बघ. केंद्राच्या कराच्या वाटणीत महाराष्ट्राला शंभरातले सहा रुपये आणि वर थोडे. गुजरातला साडेतीन. आता बोल!"

"असं नसतं भाऊ. माणशी काढ ना. आमच्याकडे डोकी किती!"

मग लोकसंख्या शोधली. भूपेंद्र आकडे सांगू लागला, हितेंद्र बोटानं दाबू लागला. फोन दोघांच्या मध्ये, म्हणजे आईच्या पदरापाशी धरलेला. उत्तर आलं तसे दोघंही त्यावर वाकले.

"सारखंच आलं," हितेंद्र म्हणाला.

"हं. जवळजवळ."

समोरच्या रुळावरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत न बोलण्याची सोय झाली. मग तीही संपली.

"त्या माणशीमा मी कोठे मोजेल शे?" कमलबाईंनी विचारलं. "धुळामा का सुरतमा?"

भूपेंद्रनं हितेंद्रकडे पाहिलं. हितेंद्रनं घड्याळाकडे.

"माय, ते सरकारी हिशोब असतात," भूपेंद्र म्हणाला. "तुझं मशीनच्या खर्चाचं कार्ड दिल्लीचं आहे. कुठंही चालतं."

"हो तर! देशात कुठंही," हितेंद्र घाईनं म्हणाला. "त्याची तर काळजीच नको."

भेटल्यापासून दोघांचं हे पहिलंच एकमत.

म्हातारा आता हसत नव्हता. त्यानं गाठोडं जवळ ओढलं आणि दुसरीकडे तोंड करून बसला.

सुरतेकडची गाडी येत असल्याचं भोंग्यातून सांगितलं गेलं. हितेंद्र उठला, स्वतःची पिशवी खांद्याला लावली. भूपेंद्रही उठला. त्यानं आईची बॅग पायानं हळूच थोरल्याकडे सरकवली. धुळ्याची बस आता निघेलच, असं काहीतरी पुटपुटला. हितेंद्र बॅगेला वळसा घालून पुढं आला. खिशात तिकीट चाचपलं. एकाचंच होतं ते.

गाडी फलाटाला लागली. माणसं उतरू लागली, चढू लागली.

थोरला आईच्या उजव्या पायाशी वाकला. त्याच घटकेला धाकटा डाव्या पायाशी वाकला. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

"निघतो माय."

"येतो मी, माय."

कमलबाईंचे दोन्ही हात आपोआप उचलले गेले. सुयांनी निळा झालेला डावा हात एकाच्या डोक्यावर आला, उजवा दुसऱ्याच्या. पण डोक्यांवरून ते त्यांनी काढले नाहीत, त्यामुळं दोघांनाही वर बघता येईना.