पिण्यायोग्य

विहिरीच्या काठावर नारळ फुटला, तेव्हा संशोधक शाल्मली धावतच पोचली. चार वर्षं तिनेच हे पाणी तपासलं होतं. रसायन कारखान्याचं विष त्यात उतरतंय, हे तिनेच सिद्ध केलं आणि तिच्या शब्दावर गावाने विहीर बंद ठेवली.

मागच्या आठवड्यात सरकारी समितीने विषाची मर्यादाच वाढवली. पाणी तेच राहिलं, पण तिच्याच अहवालातल्या आकड्यांवरून ते पिण्यायोग्य ठरलं. तसं पत्रही गावाला आलं.

"काकी, पिऊ नका!" ती ओरडली. "पाणी बदललं नाही, नियम बदललाय."

भागीरथीकाकीने भरलेली कळशी काठावर ठेवली. "चार वर्षं तू नको म्हणालीस, आम्ही ऐकलं. लांबच्या झऱ्यावरून हंडे वाहताना माझ्या सुनेचं पोर पोटातच गेलं. आता ती परत पोटुशी आहे. तिला पुन्हा त्या वाटेनं पाठवू, की हे पाजू? तूच सांग, बाय."

काकी उत्तरासाठी खरोखरच थांबली होती. थोड्या वेळाने तिने कळशी कमरेवर घेतली आणि ती घराकडे निघाली.