दांडीवरची बोटं

“यातूनही येतंय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी माइकच्या दांडीवरची दोन बोटं उचलली.

माइकला धक्के लागू नयेत म्हणून बसवायचा दुसरा शॉकमाउंट काढून दुकानदाराने तिसरा लावला. रबरी दोऱ्यांच्या जाळीत माइक अधांतरी झुलू लागला. बाबांसोबत आलेल्या मुलीला तो पाळणाच वाटला. पहिल्या पाळण्याचं रबर राठ होतं, दुसऱ्याचं बरं होतं, पण बाबा दोन्हींना नाक मुरडून मोकळे झाले होते. ऐकू न येणाऱ्या माणसाला घेऊन ही बाई माइकचं सामान निवडायला आली, म्हणून दुकानदार आधी गालातल्या गालात हसला होता. आता तोही बाबांच्या बोटांकडेच बघत होता.

“बोला काहीतरी,” तो तिला म्हणाला.

तिने आपल्या गोष्टीची सुरुवात म्हटली. होडीचा दोर सुटला. नावाडी नाही, वल्ही नाहीत, पाणी नेईल तिकडे जायचं. बाबांनी डोळे मिटले. या वेळी त्यांची बोटं दांडीवर बराच वेळ राहिली.

“काही नाही,” शेवटी ते म्हणाले. “हाच घे.”

“इकडचा धक्का तिकडे नाही आणि तिकडचा इकडे नाही,” दुकानदाराने खोकं बांधता बांधता छातीठोकपणे सांगितलं.

तिला तेच हवं होतं. ती झोपेच्या गोष्टी सांगायची. ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही अशी माणसं कानात इअरफोन घालून तिचा पॉडकास्ट ऐकायची. एका मोठ्या कंपनीला तो आवडला होता. पण प्रत्येक गोष्टीत मध्येच एक ‘धप्प’ येतं, ते नसलेला एक भाग पाठवा, मग पुढचं बोलू, असं त्यांनी कळवलं होतं. ते धप्प कापायला जावं, तर त्याच्यासोबत तिचे दोन शब्दही जायचे. नोकरी सोडून ती या उद्योगात पडली होती. हे जमलं नाही, तर पुन्हा तेच ऑफिस आणि तीच करकरणारी खुर्ची.

धप्प कुठून येतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारचं जेवण झालं की ती मागच्या खोलीत रेकॉर्डिंगला बसायची. भिंतींना रजया टांगलेल्या, खिडकीला जाड पडदा, त्यातून गाळून आलेला पिवळा उजेड. बाबाही समोर येऊन बसायचे. एका मोठ्या आजारपणात त्यांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते सगळं ओळखायचे, पण इथे तिचे ओठ माइकच्या स्पंजमागे लपलेले असायचे. तरी दांडीला दोन बोटं लावून ते शहाण्या मुलासारखे बसून राहायचे. होडी मधल्या पाण्यात पोचली की पेंगायचे. बोटं घसरायची आणि हात टेबलावर पडायचा.

“जेवण अंगावर येतं तुमच्या,” ती चिडवायची. “सरळ पलंगावर पडा ना.”

“इथे बरं वाटतं,” ते म्हणायचे.

त्यांना तिथून उठवायचं तिच्या जिवावर यायचं. म्हणून तर या पाळण्याचा घाट घातला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माइक पाळण्यात बसवला, कानांवर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं. होडी सुटली. काठावरची घरं मागे पडली. एकेक दिवा विझत गेला. ढग पाण्यावर उतरले आणि होडी त्यांच्यातून अलगद निघाली. स्वतःचाच आवाज तिला धुक्यापलीकडून आल्यासारखा वाटू लागला. मधलं पाणी आलं तशी ती मनातल्या मनात सावरून बसली. पण धप्प आलं नाही. होडी पलीकडच्या काठाला लागली, गोष्ट संपली, तरी आलं नाही. पाळण्याने कमाल केली होती. तिचा जीव भांड्यात पडला.

तिने हसत मान वर केली. बाबा टक्क जागे होते.

दोन बोटं अजून दांडीवरच होती. हात पडलाच नव्हता. ते नेहमीसारखेच शहाण्या मुलासारखे बसले होते, फक्त सोबतची माणसं पुढे निघून जाऊन एकटेच मागे राहिल्यासारखे दिसत होते. तिला दुकानातली हीच बोटं आठवली. येतंय, येतंय म्हणत होते, पण काय येतंय, हे तिने विचारलंच नव्हतं.

स्पंजमागून चेहरा बाहेर काढत ती म्हणाली, “बाबा, दांडीतून काय यायचं तुम्हाला?”

“तू,” ते म्हणाले. “शब्द नाही कळायचे. पण तू यायचीस.”

“मग हाच का निवडलात?”

“तुला हवा होता ना असा? काही जाऊ न देणारा.”

तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही. झालेली गोष्ट तिने कंपनीला पाठवून दिली. मग पाळणा सोडवला, माइक थेट दांडीवर आवळला आणि त्याची वायर काढून बाजूला ठेवली. बाबांची बोटं धरून दांडीला लावली आणि पुन्हा होडीचा दोर सोडला.

काठावरची घरं मागे पडली. एकेक दिवा विझत गेला. होडी मधल्या पाण्यात पोचली, आणि टेबलावर धप्प झालं.