झेल

वहिनी मुलांच्या एका संग्रहालयासाठी चेंडू झेलणारा यांत्रिक हात बनवत होती. दुसऱ्या दिवशी तो द्यायचा होता आणि सकाळपासून त्याला चालवणारं इलेक्ट्रॉनिक बोर्डच सुरू होत नव्हतं.

"भाऊजी, सापडलं," ती म्हणाली. "हाताला झटपट हलवणारं सॉफ्टवेअर, रिअल-टाइम लिनक्स, मी बिल्ड केलंय नव्या प्रोसेसरसाठी. आपला आहे जुना. त्याला न कळणाऱ्या सूचना दिल्या, म्हणून तो तोंड मिटून बसलाय."

"माझ्यासारखाच," मी म्हणालो.

तिने जुन्या प्रोसेसरसाठी सगळं पुन्हा बिल्ड केलं. हात जरा संथ होईल, एवढीच तिला धास्ती होती. पण मी फेकलेला चेंडू त्याने अलगद झेलला. माझे वडील, आप्पा, यांनी खुर्चीतूनच फेकला, तोही झेलला. आम्ही टाळ्या पिटल्या.

वहिनी मात्र विचारात पडली. "आप्पा, तुम्ही फेकायच्या आधीच तो वळला."

"माझा नेम ओळखला असेल," आप्पा खूश होऊन म्हणाले.

तिने हाताला चेंडू दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची वायरच काढली. आप्पांनी मुद्दाम भलतीकडे फेकला. हात आधीच तिथे पोचला होता. आप्पा पोट धरून हसले.

"आता पुरे," म्हणत मी चेंडू खिशात टाकला.

हात हळूच वळला. आप्पांच्या खुर्चीपाशी, जमिनीलगत आला आणि पंजा पूर्ण उघडून थांबला.

"आता काय झेलणार हा?" आप्पा हसत हसत म्हणाले, आणि खुर्चीतून उठू लागले.