पुढची चढाई

कबड्डीची चढाई करून परतलेल्या केरबानं सवयीनं हात पुढं केला. परतणाऱ्यानं पुढच्याला टाळी द्यायची, हे त्याचं आणि दिन्याचं ठरलेलं. दोघं आळीपाळीनं चढाईला जायचे, आणि सरस कोण यावर अख्खं गाव भांडायचं.

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात दिन्या म्हणाला, "धाप लागलीय रे, आता तू जा."

एकदा तरी ह्याची सगळ्यांसमोर पकड व्हावी, असं केरबाच्या मनात आलं. "चढाई तुझी आहे, तूच जा."

सात जणांच्या ढिगाखालून दिन्या उठलाच नाही.

आता दोघांच्या चढाया केरबाच करतो. "केरबाच सरस!" आज सगळं मैदान ओरडत होतं. हातावर टाळी पडली नाही. शेजारच्या रिकाम्या जागेतून कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "चढाई तुझी आहे, तूच जा."